परतीची तार

शिरूर नावाची गावे महाराष्ट्रात बरीच आहेत. घोडनदीकाठचे एक, लातूरकडची अनंतपाळ आणि ताजबंद ही दोन, आणि सिंदफणेच्या काठचे आमचे एक. आमच्यामागे 'कासार' हे उपपद लागते. तांब्यापितळेच्या धंद्याचे नाव मिरवणाऱ्या या गावात गेल्या वर्षी नवरात्र सरता सरता एक लालभडक विलायती मोटार ट्रकातून उतरली, आणि पुढचे पंधरा दिवस माझ्या अंगणाला बसस्टँडाची कळा आली.

मोटार माझ्या भाच्याची. पुण्यास नोकरी, नुकतेच लग्न, आणि डोक्यात हे वेड! बँकेचे कर्ज काढून त्याने ती घेतली, आणि घेतल्यानंतर आठ दिवसांनी वडिलांना सांगितली. आमच्या दाजींनी एकच प्रश्न विचारला, "चालते का?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. ती धड चालत नव्हती. दिवे लावले तर काजव्याइतके लागत. बॅटरी रात्रीतून रिती होई. आणि स्टार्टरची मूठ ओढली की आतून धूर येई. पुण्याच्या एका दुकानदाराने सगळी वायर काढून नवी घालण्याचा जो आकडा सांगितला, त्यात आमच्याकडे एक म्हैस आली असती. दाजींनी निकाल दिला : दिवाळीपर्यंत नीट झाली तर ठीक, नाहीतर विकून कर्ज फेडायचे. मग भाच्याला मामा आठवला; आणि मामाला गल्लीच्या टोकाचे चाचा आठवले.

चाचांची ओळख थोडक्यात करून देतो. वय पंचाहत्तरीच्या घरात. पोरवयात नगरला एका गॅरेजात पाने पुसायला राहिले आणि जुन्या विलायती ट्रॅक्टरांवर वायरिंग शिकले. पुढे साखर कारखान्यांना ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या आमच्या भागातल्या किती ट्रॅक्टरांचे दिवे त्यांनी लावले, याचा हिशेब त्यांनाही नाही. आता नजर अधू झाली आहे. बारीक वायरीचा रंग ओळखायला ते नातवाला बोलावतात.

आता या मोटारीविषयी. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या या गॅरेजात सेसिल किंबर नावाच्या व्यवस्थापकाने साध्या मॉरिस मोटारींवर हलकी, चपळ शरीरे चढवायला सुरुवात केली, आणि त्यातून जवळच्या ॲबिंग्डन गावी एक स्वतंत्र कारखानाच उभा राहिला. आमची गाडी त्यांपैकी 'टी. सी.' नमुन्याची. दुसरे महायुद्ध संपले त्या १९४५ सालापासून १९४९ पर्यंत अशा सुमारे दहा हजार गाड्या निघाल्या. इंजिन १२५० सीसीचे, चाके सायकलीसारखी तारांची, छप्पर कापडाचे, आणि सगळ्या गाड्यांचे चाकचक्र उजव्या हाताला. नवल वाटावे अशी गोष्ट ही की, या मोटारीचा सांगाडा लाकडाचा असतो. ॲश झाडाच्या लाकडाची चौकट, तिच्यावर ठोकलेले पत्रे, आणि हे सगळे एका लोखंडी चासीवर बसवलेले. बैलगाडीशी तिचे नाते आहे म्हणाना! हे लाकूड पुढे आपल्या कथेत महत्त्वाचे ठरणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

मुंबईला जुहूच्या विमानतळावर एके काळी मोटारींच्या शर्यती होत. धावपट्टीच्या कडेला गर्दी करून लोक उभे राहत. पण हौस असली तरी माल कुठला? स्वातंत्र्यानंतर सरकारने परदेशी तयार मोटारींच्या आयातीवर निर्बंध घातले. देशात मोटारी बनाव्यात हा त्यामागचा हेतू होता, आणि कुर्ल्याला वालचंद हिराचंदांचा प्रीमियर कारखाना त्याच स्वप्नावर उभा होता. उलट शिवडीला १९२८ पासून अमेरिकन मोटारींची जुळणी करणारा जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ साली बंद झाला. धोरण म्हणून ते बरोबर होते असेच माझे मत आहे. पण त्याची किंमत आधीच इथे आलेल्या गाड्यांनी मोजली. सुटे भाग मिळेनात. वायर तुटली की हाताला लागेल ती वायर. आमच्या गाडीच्या पोटात हा इतिहास आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचला.

कसा वाचला, ते सांगतो. मोटारीतल्या तारांचा जुडगा मूळचा कापडी वेणीत गुंफलेला असतो, आणि प्रत्येक तारेचा रंग ठरलेला. तपकिरी तार बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून पुढे जाणारी, निळी मोठ्या दिव्यांची, लाल बाजूच्या दिव्यांची, पिवळी डायनामोची, काळी जमिनीची. चाचांना इंग्रजी येत नाही. पण हे रंग त्यांना पाढ्यासारखे पाठ. त्यांनी जुडग्यावरची पट्टी उकलायला सुरुवात केली, नातू रंग सांगू लागला, आणि मी वहीत उतरवू लागलो. पांढरी तार हातभर गेली की तिला काळी जोडलेली. काळी पुढे घरगुती दिव्याच्या पिळाच्या वायरीत शिरलेली. तिथून पुढे अलीकडची प्लास्टिकची पिवळी. कुठे डाग दिलेला, कुठे नुसता पीळ मारून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी. मोडी कागदावर चार कारकुनांचे चार हात ओळखू यावेत, तसे चार मिस्त्री त्या जुडग्यात ओळखू येत होते. चाचा एकाला शिव्या देत, एकाची तारीफ करत. "ह्यो शाणा माणूस होता गुरुजी. डाग राळ लावून दिलाय, नवसागर न्हाई लावला. नवसागर कल्हईला ठीक. तारंला लावला तर तांबं खातो."

इथे थोडे मागे जातो. मोटारीत वीज आली ती उशिराच. प्रथम तिचे दिवे कार्बाइडच्या गॅसचे आणि इंजिन सुरू व्हायचे ते हाताने दांडा फिरवून. दांडा उलटला की मनगट मोडे, कधी जीवही जाई. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीवर तो बसला. त्यापाठोपाठ बॅटरी, डायनामो, दिवे, भोंगा असा संसार आलाच. इंग्लंडात हा संसार मांडला तो बर्मिंगहॅमच्या लुकास घराण्याने. मूळपुरुष जोसेफ लुकास, जन्म १८३४ चा, हातगाडीवर रॉकेल विकणारा माणूस. मग त्याने जहाजांचे कंदील केले, पुढे सायकलीचे दिवे. त्या दिव्याला नाव दिले 'किंग ऑफ द रोड', म्हणजे रस्त्याचा राजा. १९०२ साली तो वारला. पण त्याच्या वंशजांनी इंग्लिश मोटारींची बहुतेक सगळी वीज आपल्या हातात घेतली. पुढे १९६१ साली मद्रासेत टी. व्ही. एस. घराण्याबरोबर त्यांनी भारतातही कारखाना काढला.

आणि इतिहासाची थट्टा अशी, की रस्त्याच्या राजाच्या नातवंडांना मोटारवाल्यांनी पदवी दिली 'अंधाराचा राजपुत्र'! त्यांच्या बटणाला म्हणे तीन खुणा असतात : मंद, मिणमिण आणि बंद. जगभर हा विनोद चालतो. मीही वर्गात मुलांना सांगून टाळ्या घेतल्या आहेत. चाचांना सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "कंपनीचं काय चुकलं? सत्तर वर्सांची तार हाय. आधी धूर कुठून येतो त्ये बघू."

भाच्याने मूठ ओढली. इंजिन कण्हले, आणि धूर आला तो कुठल्याच वायरीतून नाही! चोकची जी लोखंडी केबल असते, हवा कमी करण्यासाठी डॅशवरून ओढायची ती, ती तापून तिच्यावरचे कापड धुमसत होते. चोकच्या केबलीत वीज कुठली? ती कुठल्याही नकाशात विजेची तार नाही. मी हात टेकले. चाचा मात्र गाडीखाली वाकले, इंजिनाभोवती बोटे फिरवली आणि म्हणाले, "वेणी कुठंय?"

घरातल्या विजेला जायला एक तार आणि यायला एक तार लागते. मोटार करणाऱ्यांनी यातली परतीची तार वाचवली. दिवा, भोंगा, स्टार्टर, सगळ्यांनी आपापली वीज गाडीच्या लोखंडात सोडून द्यायची आणि लोखंडातून ती बॅटरीकडे परत जायची. यालाच अर्थ म्हणतात, जमीन म्हणतात. युक्ती मोठी नामी. पण तिची अट एकच, लोखंडाला लोखंड भिडले पाहिजे. इंजिन बसते रबराच्या उशांवर, म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली एक जाड पट्टी लावावी लागते. ती वेणी आमच्या गाडीत नव्हतीच. कोणीतरी इंजिन उतरवताना काढली आणि परत लावायला विसरला. स्टार्टर एका दमात शेकडो अँपिअर मागतो. एवढ्या विजेने घरी परतायची वाट शोधली, आणि तिला सापडली ती बिचारी चोकची केबल!

चाचांनी भंगारातल्या ट्रॅक्टरची वेणी आणली, दोन बोल्ट आवळले. मूठ ओढली. स्टार्टर असा गरकन फिरला की अंगणातली पोरे मागे सरली. धूर नाही.

दिव्यांचे दुखणेही त्याच जातीचे निघाले. चाचांनी एक लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या जमिनीच्या खुंटीला आणि दुसरे मोठ्या दिव्याच्या पितळी बैठकीला टेकवले. दिवा भसकन पेटला. वायर काढली की पुन्हा काजवा. म्हणजे वीज दिव्यापर्यंत नीट येत होती, परतताना अडत होती. कारण? तो देखणा लाल रंग! विकण्यापूर्वी कोणी रंगाऱ्याने गाडी अशी मन लावून रंगवली होती की बोल्टाखाली, वॉशराखाली, चासीवरच्या जमिनीच्या जागांवरसुद्धा रंगाचे थर चढले होते. खाली लाकडी चौकट, वर रंग. विजेने जावे कुठून? चासीवरच्या त्या जागा आम्ही चाकूने खरवडून उघड्या केल्या. भाच्याच्या जिवाचे पाणी पाणी होत होते, कारण रंगाचेच पैसे त्याने मोजले होते.

पितळी जोडगोळ्या हिरव्या पडल्या होत्या. माझ्या आईने त्या पाहिल्या आणि "कळकल्यात, चिंच लावा," असा सरळ उपाय सांगितला. कासारांच्या गावची बाई ती. चिंचेने त्या सोन्यासारख्या झाल्या. मात्र चाचांनी प्रत्येक गोळी सोड्याच्या पाण्यातून काढून उन्हात वाळवली, आंबट आत राहिले तर महिन्यात पुन्हा कळकेल म्हणून.

उरले बॅटरीचे कोडे. हे सर्वांत मजेदार. डॅशवर वीज येते की जाते ते दाखवणारा काटा असतो. इंजिन बंद ठेवून दिवे लावले तर तो 'जाते' म्हणायला हवा. आमचा म्हणे 'येते'! भाच्याने काटा बिघडला म्हणून सोडून दिले होते. चाचांनी बॅटरीकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. नवी बॅटरी भाच्यानेच बसवली होती, आजच्या सर्व मोटारींप्रमाणे ऋण टोक जमिनीला. पण इंग्रजांनी १९३० नंतरच्या दशकात आपल्या मोटारींचे धन टोक जमिनीला जोडायला सुरुवात केली होती. बॅटरीच्या खुंट्या कमी सडतात आणि प्लगची ठिणगी सोपी पडते, असा त्यांचा हिशेब. पुढे अल्टरनेटर आणि ट्रान्झिस्टर आले तेव्हा १९६० नंतर तेही जगाच्या रांगेत परतले. मधल्या तीसएक वर्षांच्या इंग्लिश गाड्या मात्र उलट्या जमिनीच्या. दिवे उलटसुलट बघत नाहीत, स्टार्टरही उलट्या बॅटरीवर त्याच दिशेने फिरतो. म्हणून चूक कळत नाही. पण डायनामोच्या पोटातल्या लोखंडात थोडे जुने चुंबकत्व शिल्लक असते, आणि ते आपली जुनी दिशा विसरत नाही. इंजिन पळू लागले आणि कटआउटची जीभ मिटली की डायनामो आणि बॅटरी एकमेकांना भरण्याऐवजी एकमेकांवर तुटून पडतात. त्या झटापटीत जिभेची टोके जळून चिकटली होती. मग इंजिन बंद झाले तरी बॅटरी डायनामोतून रात्रभर गळत राही.

टोके सोडवून घासली, बॅटरी फिरवली. शेवटी चाचांनी डायनामोच्या एका टोकाला बॅटरीची तार क्षणभर टिचकी मारल्यासारखी लावली. निळी ठिणगी उडाली. हे कशाला, असे विचारले तर म्हणाले, "त्याला सांगितलं, धन कुठं आन् ऋण कुठं. आता न्हाई इसरायचा."

वसुबारसेच्या संध्याकाळी मोटार सिंदफणेच्या पुलापर्यंत जाऊन आली, दोन्ही दिवे लावून. डॅशवर एक हिरवा दिवा आहे. इंग्लंडात १९३५ साली वस्तीतून ताशी तीस मैलांची मर्यादा आली, तिची आठवण चालवणाऱ्याला द्यावी म्हणून तो बसवलेला. तो काही लागला नाही. चाचा म्हणाले, राहू द्या, आमच्या रस्त्यावर तीस मैल कुठं मिळतात!

चाचांनी मजुरीचे पैसे घेतले. चिंचेचे कापले, असे आईला चिडवून गेले. जुडगा काढून फेकायचा भाच्याचा विचार त्यांनी मोडून काढला. खराब तुकडे तेवढे बदलले, त्याच त्या रंगांच्या वायरी शोधून. आणि माझ्या वहीतली रंगांची यादी भाच्याने गाडीच्या कागदांत ठेवली.

भाऊबीजेला बहीण आणि दाजी आले. जेवणानंतर दाजी काही न बोलता मोटारीत जाऊन बसले. भाच्याने मूठ ओढली, इंजिन लागले. दाजींनी हात पुढे करून चोकच्या केबलीला दोन बोटे लावली, आणि गाडी गल्लीच्या टोकापर्यंत जाईपर्यंत ती तिथेच धरून ठेवली.