पडद्यावरचा प्रकाश आणि पडद्यावाचून प्रकाश
मुंबई व तिच्या उपनगर-परिसरातील प्रकाश-खेळांच्या इतिहासातील एक स्थित्यंतर

उघड्या मैदानावर, रात्रीच्या अंधारात, प्रकाशाच्या साहाय्याने कथा दाखविण्याची कला ही अगदी अलीकडची व सर्वस्वी परकीय आहे असा समज सामान्यतः आढळतो. लेसर हे यंत्र आणि त्याचा करमणुकीसाठी झालेला उपयोग पाश्चात्त्य देशांतून आला हे खरे. परंतु प्रकाशचित्रांच्या सार्वजनिक खेळाची परंपरा मुंबईच्या परिसरात शतकाहून अधिक जुनी आहे. या परंपरेचे टप्पे यंत्रांच्या नावांवरून ठरविण्याचा प्रघात आहे. त्यापेक्षा प्रकाश, पडदा आणि प्रेक्षक यांचा परस्परसंबंध हे गमक मानले, तर तिचा इतिहास अधिक स्पष्ट होतो. प्रस्तुत निबंधात तोच दृष्टिकोन स्वीकारला आहे.

चित्रदीपाची कल्पना युरोपात सतराव्या शतकातील आहे. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याने 1659 मध्ये असा दीप तयार केल्याचे त्याच्या कागदपत्रांवरून दिसते. काचेवरील चित्रामागून प्रकाश पाठवावा, पुढे भिंग ठेवावे, आणि चित्राची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडावी, अशी ही साधी रचना होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्टसन याने पॅरिसमध्ये दीप चाकांवर बसवून पडद्यामागून मागे-पुढे सरकविला व भुतांचे देखावे दाखविले. म्हणजे चित्राला गती देण्याचा ध्यास चलच्चित्राच्या पूर्वीचाच आहे.

महाराष्ट्रात या ध्यासाचे सर्वांत उल्लेखनीय फळ म्हणजे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांची ‘शांबरिक खरोलिका’. 1890 नंतरच्या दशकात त्यांनी आपल्या पुत्रांच्या साहाय्याने तिचे प्रयोग सुरू केले. नावातच या खेळाची वृत्ती उमटली आहे. शंबर हा पुराणातील मायावी असुर. त्यावरून शांबरी विद्या म्हणजे मायाविद्या. परदेशी यंत्राला येथे नुसते देशी नाव मिळाले नाही, तर मायेच्या जुन्या कल्पनेत त्याला स्थान मिळाले. काचेवर हाताने रंगविलेल्या आकृती, त्यांभोवतीचा भाग काळा केलेला, आणि एकाहून अधिक दीपांनी एकाच पडद्यावर पाडलेल्या प्रतिमा, अशी तिची रीत होती. काळ्या भागातून प्रकाश येत नसल्यामुळे एका दीपाची आकृती दुसऱ्या दीपाच्या देखाव्यात बेमालूम बसे. अवस्थांची चित्रे पाठोपाठ दाखविल्यामुळे पात्र हालचाल करीत असल्याचा भास होई. विषय प्रामुख्याने रामायण-महाभारतातील असत, आणि चित्रांना निवेदन व संगीत यांची जोड असे. कीर्तन आणि चित्रकथी यांच्या श्रोत्याला हा खेळ अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते.

कल्याणपर्यंतचा लोहमार्ग 1854 मध्येच खुला झाला होता. घाटकोपर, मुलुंड, ठाणे या मार्गाने मुंबईशी जोडलेल्या गावात असे कुटुंब उभे राहावे, हे या दृष्टीने लक्षणीय आहे. परंतु 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली, आणि 1913 मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर खरोलिका मागे पडली. यथावकाश प्रकाशाचा खेळ तंबूतून कायमच्या चित्रगृहात, चार भिंतींच्या आत गेला.

तो पुन्हा उघड्यावर आला तो वेगळ्या रूपाने. 1952 मध्ये फ्रान्समधील शाँबोर येथील राजवाड्यावर पॉल रॉबेर-उदँ याने ‘ध्वनिप्रकाश’ प्रयोग केला. दिल्लीच्या लाल किल्ल्यात असा प्रयोग 1965 मध्ये सुरू झाला. येथे कापडी पडद्याची जागा इमारतीने घेतली. वास्तू हीच पात्र झाली. तथापि प्रकाश अजून कशावर तरी पडतच होता.

खरा पालट लेसरने केला. थिओडोर मेमन याने 16 मे 1960 रोजी पहिला लेसर चालविला. मुंबईपुरते पाहता, तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रात त्याच दशकात लेसरवर काम सुरू झाले होते. म्हणजे हे यंत्र पूर्व उपनगरांच्या परिसरात प्रथम आले ते विज्ञानाचे साधन म्हणून. करमणुकीत त्याचा नियमित उपयोग लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत 1973 मध्ये सुरू झालेल्या ‘लेझेरियम’पासून दिसतो. 1983 मध्ये जॉर्जियातील स्टोन माउंटनच्या उघड्या खडकावर लेसरने चित्रे रेखाटली गेली, आणि मोठ्या क्रीडोद्यानांना आपल्या रात्रीच्या खेळासाठी एक नमुना मिळाला.

दीप आणि लेसर यांतील भेद येथे नीट लक्षात घेतला पाहिजे. दीपाचा प्रकाश पसरत जातो, आणि भिंगाने जुळविलेल्या अंतरावरच त्याची प्रतिमा स्पष्ट उमटते. लेसरचा किरण जवळजवळ पसरतच नाही. त्याने एका क्षणी एकच बिंदू दाखविता येतो. दोन लहान आरसे अतिशय वेगाने हलवून तो बिंदू फिरविला, म्हणजे दृष्टिसातत्यामुळे रेषा दिसते. ही रेषा कोणत्याही अंतरावर रेखीवच राहते. त्यामुळे खडक, कारंजातून उभा केलेला पाण्याचा पातळ पडदा, किंवा नुसता धूर, काहीही चालते. धुरात तर किरणच दृश्य होतो. जेथे पडदा अनावश्यक झाला, तेथे प्रेक्षकाची जागाही बदलली: तो पडद्यासमोर न राहता किरणांच्या मध्ये आला.

बोरिवलीच्या पश्चिमेस, खाडीपलीकडे गोराई येथे 1989 मध्ये ‘एस्सेलवर्ल्ड’ हे क्रीडोद्यान सुरू झाले. तेथे जाण्यास होडीचा मार्ग होता. कुंपण, तिकीट, ठरलेली वेळ आणि राबता कर्मचारीवर्ग ही अशा उद्यानांची लक्षणे होत. याच लक्षणांमुळे तेथे शिस्तीने लेसर वापरणे शक्य होते: यंत्र कोठे बसवावे, किरण प्रेक्षकांच्या डोक्यांवरून किती उंचीने जावा, हे आधीच आखता येते. ही खबरदारी अनाठायी नव्हे. अर्ध्या वॅटहून अधिक शक्तीचे लेसर सर्वांत धोकादायक वर्गात मोडतात. डोळा मिटण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्या अवधीतही असा किरण दृष्टिपटलास कायमची इजा करू शकतो. आरसे बिघडून फिरता किरण एका जागी थांबला, तर धोका कैक पटींनी वाढतो.

पुढे यंत्र स्वस्त झाले आणि कुंपणाबाहेर आले. शिस्त मात्र त्याच्याबरोबर आली नाही. उत्सवांच्या मिरवणुकांत लेसर सर्रास झाले. 2023 व 2024 च्या गणेशोत्सवात महाराष्ट्रातील काही शहरांतून डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या, आणि काही ठिकाणी प्रशासनाने बंदीचे आदेश काढले. अंधेरी वा घाटकोपरच्या अरुंद रस्त्यात जमाव, वाहनावरील यंत्र आणि इमारतींच्या काचा यांचे अंतर कोणत्याही आराखड्यात बसत नाही. काचेवरून परतलेला किरण कोणाच्या डोळ्यात जाईल हे सांगता येत नाही.

या स्थित्यंतराला केवळ यंत्राची प्रगती म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. खरोलिकेत पडदा हा चित्राचा आधार होता, तसाच तो प्रेक्षकाचे रक्षणही करीत होता. दीपाचे तेज तो स्वतःवर घेई आणि सौम्य करून परत देई. निवेदकाचा शब्द त्या प्रकाशाला अर्थ देई. पडदा गेला तेव्हा ही दोन्ही कामे कोणी करावयाची, हा प्रश्न उरला. कुंपणातील खेळात ती नियमांनी व आखणीने काही अंशी केली. रस्त्यावर ती कोणीच केली नाही, आणि तेथे प्रेक्षकाचा डोळा हाच अखेरचा पडदा ठरला. प्रकाश-खेळांचा यापुढील अभ्यास यंत्रांच्या यादीवर न थांबता या हरवलेल्या पडद्याचा शोध घेईल, तरच तो इतिहासाबरोबर वर्तमानालाही उपयोगी पडेल.