गाडीचा क्लच : तो चालतो कसा आणि बिघडतो कसा



इंग्लंडमध्ये आल्यावर आम्ही घेतलेली पहिली गाडी आठ वर्षांची होती. एमओटी नुकतीच पास झालेली, रंग चकचकीत, विकणारा गृहस्थही बोलायला गोड. दोनच महिन्यांनी लीड्सहून मँचेस्टरला जाताना एम६२ च्या चढावर तिने दगा दिला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचे, आरपीएमचा काटा वर जायचा, पण वेग उलट कमी होत होता. मागच्या सीटवर मुले आणि शेजारून धडधडत जाणारे ट्रक! कसेबसे पुढच्या एक्झिटला बाहेर पडलो आणि गाडी टो करून घरी आणली. क्लच संपला होता. दुरुस्तीला गाडीच्या किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश पैसे गेले.

कॉलेजात क्लचची आकृती काढून आम्ही मार्क मिळवले होते, पण गाडी घेताना तो तपासायचे सुचले नाही. एमओटी झाली आहे म्हणून निर्धास्त राहिलो. खरे म्हणजे एमओटीत ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंग, धूर वगैरे पाहतात. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स कोणत्या अवस्थेत आहेत हे त्यात येत नाही. तेव्हा क्लच ज्याचा त्यानेच पाहायला हवा. त्यासाठी ही थोडी माहिती.

क्लच करतो काय?

सिग्नलला गाडी उभी असली तरी इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेत असते. चाके मात्र थांबलेली. या दोघांना एकदम जोडले तर गाडी हिसका देते आणि इंजिन बंद पडते. म्हणून दोघांना हळूहळू जोडणारा मध्यस्थ लागतो, तोच क्लच.

त्याचे मुख्य भाग तीन. इंजिनला जोडलेले जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याला चिकटून, गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसवलेली क्लच प्लेट. हिच्या दोन्ही बाजूंना ब्रेकसारखे घर्षणाचे अस्तर असते. आणि मागून जोरदार स्प्रिंगने तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगला ढकलते, दाब सुटतो आणि क्लच प्लेट मोकळी होते. मग गिअर बदलता येतो. पेडल सोडताना प्लेट आधी थोडी घसरते आणि मग घट्ट पकडते.

हे घसरणे एक-दोन सेकंदांचे असावे. त्यात उष्णता निर्माण होते आणि प्रत्येक वेळी अस्तर थोडे झिजते.

हाफ क्लचची सवय

आपल्यापैकी अनेकजण बजाज चेतक किंवा मोटरसायकलवर शिकलो. तिथे हाफ क्लचवर गाडी रेंगाळवायची सवय हाताला लागते. पण त्या गाड्यांचा क्लच बहुधा अनेक प्लेटांचा आणि तेलात बुडालेला असतो, त्यामुळे उष्णता तेलात जाते. कारमध्ये सहसा एकच कोरडी प्लेट असते, तिला हे सोसत नाही. म्हणून :

- चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरू नका, हँडब्रेक लावा.
- सिग्नलला न्यूट्रल करून पाय पेडलवरून काढा.
- गाडी चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवू नका. बारीक दाबानेही पकड ढिली होते.

काय बिघडते, कसे ओळखाल?

*घसरणे :* इंजिन वेगाने फिरते, गाडी ओढत नाही. चढावर आणि वरच्या गिअरमध्ये आधी जाणवते. अस्तर झिजले, किंवा त्यावर तेल गळले. कधी करपल्याचा वासही येतो.

*पूर्ण न सुटणे :* पेडल तळापर्यंत दाबूनही गिअर पडत नाही, रिव्हर्सला खरखर होते. केबल ताणलेली असते, किंवा हायड्रॉलिकमध्ये हवा वा गळती.

*थरथर :* पहिल्या गिअरमध्ये निघताना गाडी हादरते. अस्तराला तेल, तापून खराब झालेले फ्लायव्हील, किंवा नुसती इंजिनची माउंटिंगही कारण असू शकतात.

*आवाज :* पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना येऊन दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर.

*पेडल खाली बसणे :* बहुधा हायड्रॉलिकची गळती. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकचे ऑइल एकाच डबीत असते, म्हणून इथे चालढकल नको.

जुनी गाडी घेण्यापूर्वी

सपाट, मोकळ्या जागी, समोर कोणी नाही हे पाहून हँडब्रेक घट्ट ओढा आणि पाय ब्रेकवर ठेवा. चौथा गिअर टाकून क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर पकड ठीक आहे. इंजिन चालतच राहिले तर क्लच घसरतो आहे. चाचणी एकदाच करा. पुन्हा पुन्हा केली तर आपणच क्लच झिजवू. त्यानंतर एखादा चढ चढून पाहा.

डीलरकडून घेतलेल्या गाडीत खरेदीच्या वेळीच दोष असेल, तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार पहिल्या ३० दिवसांत ती परत करून पैसे मागता येतात. वयोमानाने होणारी झीज मात्र दोषात धरत नाहीत. खाजगी माणसाकडून घेतल्यास हे संरक्षण नाही. आमचे तेच झाले.

गॅरेजमध्ये गेल्यावर

क्लच बदलायला सहसा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे बिलात मजुरीचा वाटा मोठा असतो. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलून घ्या. डिझेल गाडीत ड्युअल मास फ्लायव्हील आहे का, तेही बदलावे लागेल का, हे आधीच विचारा. तो भाग महाग असतो. अंदाज लेखी घ्या.

इलेक्ट्रिक गाड्यांत हा क्लच नसतो, तेव्हा पुढच्या पिढीला ही कटकट कदाचित उरणार नाही. पण मंडळातली मुले सतरा वर्षांची झाली की अजून अनेकजण जुन्या मॅन्युअल गाडीवरच शिकतात. त्यांच्यासाठी गाडी पाहायला जाल, तेव्हा ही दहा मिनिटांची तपासणी जरूर करा. मोटरवेच्या चढावर कळण्यापेक्षा ते बरे!