लोकरीचा उपकर आणि मेंढीपालकांचे मत

ऑस्ट्रेलियात लोकर विकली की तिच्या किमतीतून उपकर कापला जातो. त्याचा दर किती असावा, हे दर तीन वर्षांनी मेंढीपालक स्वतः मतदान करून ठरवतात. हा अधिकार त्यांच्या हाती आला तो एका मोठ्या आर्थिक पडझडीनंतर.

रेयॉनसारखे कृत्रिम धागे कापडबाजारात शिरू लागले, तेव्हा लोकरीच्या प्रसारासाठी व संशोधनासाठी १९३६ साली कायदा झाला आणि दर गासडीमागे सहा पेन्स घेतले जाऊ लागले. पुढल्याच वर्षी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून आंतरराष्ट्रीय लोकर सचिवालय स्थापन केले. ‘वूलमार्क’ हे चिन्ह १९६४ मध्ये याच संस्थेने आणले.

प्रसारासाठी पैसे देणे वेगळे आणि बाजारभाव बांधून घेणे वेगळे. राखीव भावाच्या योजनेवर १९५१ आणि १९६५ साली मतदान झाले. मेंढीपालकांनी ती दोन्ही वेळा नाकारली. तरीही १९७०च्या दशकात किमान भाव लागू झाला. लिलावात त्याहून कमी बोली आली, तर सरकारी महामंडळ ती लोकर विकत घेई. १९८८ मध्ये हा भाव किलोला ८७० सेंटपर्यंत चढवण्यात आला. त्यानंतर चीन आणि सोव्हिएत संघाची मागणी घटली, गोदामे भरत गेली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये योजना बंद पडली. तोवर सुमारे ४७ लाख गासड्या पडून होत्या. हा साठा संपायला २००१ साल उजाडले.

या काळात उपकर चालूच होता. त्याच्या खर्चाविषयी असंतोष वाढत गेला. नोव्हेंबर १९९८ मध्ये गोलबर्न येथील सभेत लोकर संस्थेच्या संचालक मंडळावर अविश्वास व्यक्त झाला. माजी मंत्री इयन मॅकलाक्लन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यदलाने १९९९ मध्ये अहवाल दिला. पुढे २००० साली ‘वूलपोल’ हे मतदान झाले आणि दोन टक्के दर निवडला गेला. हा निधी वापरण्यासाठी ‘ऑस्ट्रेलियन वूल इनोव्हेशन’ ही उत्पादकांच्या मालकीची कंपनी उभी राहिली.

मतपत्रिकेवर अनेक दर दिलेले असतात आणि त्यांत शून्य टक्काही असतो. म्हणजे उपकर मुळीच नको, असेही मत देता येते. मतदार दरांना पसंतीक्रम देतो. कोणत्याही दराला निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर सर्वांत मागे पडलेला दर बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळवतात. मताचे वजन भरलेल्या रकमेवर ठरते: तीन वर्षांत भरलेल्या दर शंभर डॉलरमागे एक मत. त्यामुळे मोठ्या कळपवाल्याचा आवाज मोठा राहतो. पण ज्याच्या खिशातून जास्त पैसा जातो त्याला जास्त मते, हा त्यामागचा हिशेब आहे.

२०१८ मध्ये मेंढीपालकांनी दर दोन टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणला. २०२१ आणि २०२४ मध्येही त्यांनी दीड टक्काच कायम ठेवला. जमलेल्या पैशाचा उपयोग पटेल तेवढाच दर मिळेल, ही जाणीव या पद्धतीमुळे लोकर कंपनीला ठेवावी लागते.