रमण्याचं दार

मंडळी, कार्यक्रमाला नक्की किती माणसं येणार, या प्रश्नाइतकं यजमानाला दुसरं काहीच छळत नाही. आमंत्रणं मोजता येतात, माणसं नाही. आमच्याकडे गणपतीच्या महाप्रसादाला कूपनं छापतात, तरी शेवटच्या पंगतीला भात कमी पडतोच. (जिलबी त्याआधीच संपलेली असते, ते वेगळं.)

पेशव्यांपुढे हाच प्रश्न हजारोंच्या हिशेबात होता. श्रावणातली दक्षिणा आधी तळेगावला दाभाडे वाटायचे. १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि पुढे ही प्रथा पुण्याला आली. लांबलांबच्या मुलखांतून ब्राह्मण पुण्यात जमू लागले. नावनिशीवार यादी नाही, चेहरा ओळखीचा नाही. मग एकानेच दोनदा हात पुढे केला तर? विद्वानांची परीक्षा व्हायची, त्यांचा मान वेगळा. बाकीच्यांसाठी पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता, भिंतींनी बंदिस्त केलेलं मोठं आवार. सगळ्यांना आत घ्यायचं, दारं लावायची, आणि एकेकाला बाहेर सोडताना हातावर दक्षिणा ठेवायची. बाहेर पडला तो पुन्हा आत नाही.

मोजणी येताना नाही, जाताना! मला ही युक्ती भारी वाटते. कूपन नको, वही नको, दार पुरे. १७५८ साली अशी १८ लाख रुपये दक्षिणा वाटल्याची नोंद आहे. (राज्याचा एवढा पैसा एकाच जातीला गेला, हेही त्याच नोंदीत वाचायचं.)

पण जरा आत उभं राहून बघा. दिवस श्रावणाचे, भोवती हजारोंची दाटी, आणि दार उघडणं दुसऱ्याच्या हातात. हिशेब चुकेल ही धास्ती यजमानाची, ताटकळायचं पाहुण्याने.

१७९१ च्या ऑगस्टमध्ये तर याहून भयंकर घडलं. दक्षिणेसाठी आलेल्या तैलंगी ब्राह्मणांवर चोरीचा आळ आला आणि घाशीराम कोतवालाच्या माणसांनी त्यांना कोंडून घातलं. रमण्यात नव्हे, शहरातल्या एका कोंदट जागेत. विसाहून अधिक जण गुदमरून मेले. पुणं उसळलं. नाना फडणवीसांना घाशीरामाला लोकांच्या हवाली करावं लागलं, आणि ३१ ऑगस्टला जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं. १९७२ साली तेंडुलकरांचं नाटक आलं तेव्हापासून नाना आणि घाशीराम सगळ्यांना ठाऊक आहेत. आत कोंडलेल्यांपैकी एकाचं तरी नाव कुणाला सांगता येईल का? पाहुणेच होते ना ते पुण्याचे?

असो. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी ही दक्षिणा हळूहळू आटवली. १८२१ साली त्या पैशातून विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली आणि मराठी पुस्तकांना बक्षिसं मिळू लागली. पुस्तकाला काय, कोंडायला नको नि मोजायलाही नको.