पायांनी वाजवायचा पियानो

पायपेटीचा भाता ज्याने एकदा तरी चालविला आहे, त्याला प्लेअर पियानोचे मर्म ध्यानी यावयास वेळ लागू नये. ‘आपोआप वाजणारा पियानो’ असे त्याचे वर्णन रूढ आहे. आम्हांस ते अन्यायाचे वाटते.

डेट्रॉइट येथील एडविन व्होटी या ऑर्गन बांधणाऱ्या गृहस्थाने १८९५ साली पहिला पियानोला सिद्ध केला. पेडल दाबली की भाते आतील हवा ओढून घेत. कागदी गुंडाळीतील छिद्र पट्टीवरील भोकाशी आले की तेथून हवा आत शिरे, झडप हले, एक छोटा भाता मिटे आणि हातोडी तारेवर पडे. स्वर कोणता, हे कागद ठरवी; तो किती जोराचा, हे पाऊल.

१९०८ साली बफलो येथे निर्मात्यांनी ८८ स्वरांच्या गुंडाळीचे समान माप ठरविले: रुंदी सव्वा अकरा इंच, इंचास नऊ छिद्रे. पावलांचे माप असे कोण ठरविणार? ते प्रत्येक वाद्यात जुळवूनच घ्यावे लागे. खरी अडचण अशी, की कागद ओढणारे यंत्रही त्याच शोषणावर चाले. पाय जोराने पडला की लय चढण्याचे भय! म्हणून मध्ये एक नियामक व त्याची स्प्रिंग. कारागीर चाचणीची गुंडाळी लावी. वेगाचा काटा ७० वर असता मिनिटास सात फूट कागद सरकला पाहिजे. मग तो मुद्दाम हलके, मुद्दाम जोराने पाय चालवी. नाद वाढावा, लय ढळू नये. चांगल्या तबलजीकडून आपण याहून वेगळे काय मागतो?

साठवणीच्या भात्याची स्प्रिंग फार ताठ असली तर हळुवार वादन अशक्य होई. ढिली असली तर दोन पावलांमध्ये दम सुटे.

१९०४ साली फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने वादकाचा जोरही गुंडाळीत उतरविला. तशा पियानोंत भाते बहुधा विजेवर चालत. ऐकणाऱ्याला खुर्चीत बसण्याखेरीज काम उरले नाही. पुढे रेडिओ आला, आणि १९२९ च्या मंदीने हा धंदाच बसविला.

आजही असे जुने वाद्य दुरुस्तीस आले की जाणता कारागीर आधी पट्टीची सारी भोके चिकटपट्टीने बंद करतो आणि पाय चालवितो. चार-दोन दाबांत पेडल ताठ झाली तर ठीक. सहज दबत राहिली तर कापडाला वा चामड्याला कोठेतरी चीर आहे. बदलीगणिक पेटी घेऊन हिंडणाऱ्या आमच्या वाचकांस भात्याची ही कुरकुर नवी नाही.