वणवा व प्रतिबंधक वीजबंदी : लोकवस्तीची पूर्वतयारी

कोरडा व वेगवान वारा सुटला असता विजेच्या तारांपासून वणवा पेटू नये, म्हणून त्या तारांतील प्रवाह पूर्वसूचना देऊन काही काळ हेतुतः बंद ठेवणे, या उपायास प्रतिबंधक वीजबंदी म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यात एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हा उपाय रूढ झाला. आणि वणवा व अंधार ही दोन्ही संकटे एकाच घरावर एकाच रात्री कोसळू शकतात हे गृहीत धरून वस्तीने करावयाची तजवीज हा तेथील नागरी बंदोबस्ताचा एक स्वतंत्र विषय होऊन बसला. आपल्याकडील भारनियमनाशी त्याचे साम्य केवळ वरवरचे आहे. भारनियमनात वीज अपुरी पडते म्हणून ती बंद होते. येथे वीज मुबलक असून ती वाहून नेणारी तारच भयाचे कारण झालेली असते.

कॅलिफोर्नियात पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. सह्याद्रीतील गवत जसे फाल्गुन-चैत्रात ठिणगीची वाट पाहत असते, तसे तेथील डोंगरांवरचे गवत व झुडपे दीर्घ, निर्जल उन्हाळ्यानंतर सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत पार वाळून गेलेली असतात. आणि नेमक्या याच सुमारास अंतर्भागातील उंच, रुक्ष पठारांवर साचलेली अधिक दाबाची हवा समुद्राकडे धाव घेते, डोंगर उतरताना दाबली जाऊन तापते, आणि दक्षिणेत सांता आना व उत्तरेत डायब्लो या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वाऱ्यांच्या रूपाने दऱ्याखोऱ्यांतून घोंघावत वस्तीवर येते. अशा वेळी तारा एकमेकींवर आपटतात, झाडाची फांदी त्यांवर मोडून पडते, किंवा जीर्ण झालेला लोखंडी सुटा भाग निखळतो. राज्यातील एकूण वणव्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी वणवे विजेच्या सामग्रीमुळे लागतात. तथापि सर्वाधिक विध्वंसक अशा वणव्यांचा हिशेब मांडला, तर त्यांपैकी सुमारे निम्म्यांचे मूळ तेथेच सापडते. ज्या वाऱ्याने तार तुटते त्याच वाऱ्यावर ठिणगीचा डोंब होतो, हे त्याचे कारण होय.

ऑक्टोबर 2007 मध्ये सॅन डिएगो परिसरात तारांमुळे लागलेल्या विच नावाच्या वणव्यानंतर तेथील वीज कंपनीने वादळी हवेत पुरवठा तोडण्याची परवानगी मागितली. राज्याच्या लोकोपयोगी सेवा आयोगाने 2009 साली ती नाकारली. वीज तोडल्याने लोकांवर पडणारा भार व ओढवणारे धोके लाभापेक्षा कमी आहेत असे सिद्ध झालेले नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढे 2012 मध्ये, अन्य उपाय थकल्यावरच हा मार्ग अवलंबावा, लोकांस आगाऊ सूचना द्यावी आणि मागाहून आयोगाकडे अहवाल सादर करावा, अशा शर्तींवर तो मान्य झाला, आणि जुलै 2018 मध्ये त्याच शर्ती अधिक कडक करून राज्यातील सर्व मोठ्या खासगी वीज कंपन्यांना लागू करण्यात आल्या. आयोगाने आरंभी घेतलेला आक्षेप आजही विचारार्ह आहे; किंबहुना पुढील सारी पूर्वतयारी ही त्या आक्षेपास दिलेले उत्तर आहे.

8 नोव्हेंबर 2018 रोजी ब्यूट काउंटीतील पॅराडाईज हे गाव जळाले. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या, सुमारे शंभर वर्षे उभ्या असलेल्या मनोऱ्यावरील एक झिजलेला लोखंडी आकडा सकाळी तुटला, तार लोंबकळून ठिणग्या उडाल्या आणि काही तासांत गावाचा बहुतेक भाग आगीच्या स्वाधीन झाला. 85 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य वृद्ध होती. अठरा हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. आधीचे दोन दिवस कंपनी त्या भागात वीजबंदीचा इशारा देत होती, परंतु ठरविलेल्या निकषांपर्यंत हवामान पोहोचत नाही असे म्हणून तिने वीज तोडली नाही. जून 2020 मध्ये कंपनीने 84 मनुष्यवधांचा गुन्हा न्यायालयात कबूल केला.

पॅराडाईज हे बेसावध गाव नव्हते, ही गोष्ट या नोंदीत आवर्जून सांगितली पाहिजे. 2008 च्या वणव्यांनी शहाणे होऊन त्याने वस्तीचे विभाग पाडले होते, कोणत्या विभागाने कोणत्या रस्त्याने बाहेर पडावे हे ठरविले होते, मुख्य रस्ता एकेरी करून रंगीत तालीमही घेतली होती. मात्र ही योजना आग एका बाजूने, विभागामागून विभाग गिळत येईल या समजुतीवर रचलेली होती. प्रत्यक्षात वाऱ्याने पुढे फेकलेले निखारे गावात अनेक ठिकाणी एकदम पडले, सगळे गाव एकाच वेळी मोजक्या रस्त्यांवर लोटले, आणि दूरध्वनीवरील इशारे मुळात नाव नोंदविलेल्यांनाच मिळणार असल्याने, व त्यांतलेही सर्व पोहोचले नसल्याने, कित्येकांना धूर हीच पहिली सूचना ठरली.

यानंतर कंपनीचे धोरण दुसऱ्या टोकाला गेले. ऑक्टोबर 2019 मध्ये तिने प्रथम सात लाखांहून अधिक, आणि महिनाअखेर नऊ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज बंद केली. ग्राहक म्हणजे येथे एक मीटर, त्यामुळे अंधारात बसलेल्या माणसांची संख्या याच्या दुपटीहून अधिक होती. याच महिन्यात सोनोमा काउंटीत किंकेड वणवा पेटला. तेथे वस्तीला वीज पुरविणाऱ्या तारा बंद होत्या, परंतु उच्च दाबाची मुख्य वाहिनी चालू ठेवलेली होती, आणि आग तिच्यापासूनच लागली. ज्यांनी अंधार सोसला त्यांनाच घर सोडून पळावे लागले, आणि वीजबंदी झाली म्हणजे वणवा टळला ही समजूत त्या दिवशी खोटी ठरली.

वीज तोडल्याने धोका नाहीसा होत नाही. तो डोंगरातून उतरून घरात येतो, आणि घरातही जो सर्वांत दुर्बल त्याच्या अंथरुणाशी येऊन बसतो. प्राणवायू पुरविणारे यंत्र, श्वसनयंत्र, विजेवर चालणारी चाकांची खुर्ची, शीतकपाटातील इन्सुलिन यांवर ज्यांचे जीवित अवलंबून आहे, अशांची नोंदवही वीज कंपन्यांनी ठेवावी, आणि दूरध्वनीस उत्तर न आल्यास दारापर्यंत माणूस पाठवावा, असा दंडक आहे. परंतु नोंदवही अर्ज करणाऱ्यांचीच होते. ज्याच्या नावे मीटर नाही असा भाडेकरू, किंवा सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातील मराठी कुटुंबांत काही महिन्यांच्या मुक्कामासाठी भारतातून आलेले वृद्ध आईवडील, हे कोणत्याच दप्तरात नसतात; त्यांची खबर शेजाऱ्यालाच असते. म्हणून कोणाकडे कोणते यंत्र आहे, कोणाला मोटार चालविता येत नाही, कोणी कोणाला उठवून बरोबर न्यावयाचे, ही यादी गल्लीगल्लीत हंगामापूर्वी तयार असणे हे प्रस्तुत लेखकाच्या मते साऱ्या पूर्वतयारीचे मर्म आहे.

वीज गेल्यावर आणखी काय काय जाते, याचा पूर्ण अंदाज 2019 पूर्वी फारसा कोणी घेतला नव्हता. डोंगराळ भागातील कित्येक घरांचे पाणी स्वतःच्या विहिरीवरील विजेच्या पंपाने येते. पंप थांबला की पिण्यास पाणी नाही आणि आग विझविण्यासही नाही. मरीन काउंटीत त्या ऑक्टोबरात निम्म्याहून अधिक मोबाईल मनोरे बंद पडले. तेव्हा 2020 मध्ये आयोगाने धोक्याच्या टापूतील मनोऱ्यांसाठी 72 तासांच्या पर्यायी विजेची तरतूद सक्तीची केली. 2017 च्या वणव्यांत मोटारघराचे स्वयंचलित दार वीज गेल्याने उघडता न आल्यामुळे काही वृद्ध आत अडकले होते. त्यावरून नव्या दारांना बॅटरी असलीच पाहिजे असा कायदा झाला, तो जुलै 2019 पासून अंमलात आहे. जुनी दारे दोरी ओढून हाताने उघडता येतात, पण ती कशी उघडावयाची हे उजेडात शिकून घ्यावे लागते. घरगुती जनरेटर बंद जागेत चालविल्यास त्याच्या विषारी वायूने माणसे दगावतात, आणि तो घरच्या वायरिंगला तसाच जोडल्यास उलटा प्रवाह तारेत जाऊन दुरुस्तीस आलेल्या कामगाराचा बळी घेऊ शकतो.

घराच्या बचावाविषयीचे शास्त्र तुलनेने स्थिर आहे. बहुतेक घरे ज्वालांच्या भिंतीने पेटत नसून वाऱ्याबरोबर आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात, हे अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी दाखवून दिले. त्यामुळे पन्हळीतील पाचोळा, लाकडी छपराच्या फटी, भिंतीला टेकलेले झुडूप, हवाझरोक्यांची मोठ्या छिद्रांची जाळी, हीच खरी मर्मस्थाने. घराभोवती 100 फूट (सुमारे 30 मीटर) परिघात वाळके गवत व दाट झाडोरा ठेवू नये असा कायदा जुनाच आहे. भिंतीलगतच्या 5 फुटांत जळण्याजोगे काहीच नसावे हा नियम 2020 च्या कायद्याने पुढे आणला. आपल्याकडे वनखाते जंगलात जाळरेषा काढते, त्याच तत्त्वाचा हा गृहस्थी प्रयोग म्हणता येईल. परंतु शेजारचे घर वीस फुटांवर असले तर एकट्याच्या दक्षतेचे फळ अर्धेच मिळते. म्हणूनच राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या ‘फायरवाईज’ या उपक्रमात 2002 पासून एकेका घराऐवजी सबंध वस्तीला मान्यता दिली जाते.

वारा पडला तरी वीज लगेच येत नाही. बंद केलेली प्रत्येक वाहिनी, हेलिकॉप्टरातून वा पायी फिरून, दिवसाच्या उजेडात तपासली गेल्यावरच तीत प्रवाह सोडतात; म्हणून दोन-तीन दिवस पुरेल इतके अन्न, पाणी व औषध घरी असावे असे सांगितले जाते. ही तपासणी किती आवश्यक आहे हे हवाई बेटांतील लाहैना येथे दिसले. 8 ऑगस्ट 2023 रोजी सकाळी तुटलेल्या तारेत पुन्हा प्रवाह सोडल्याने लागलेली आग विझली असे वाटले, आणि दुपारी ती पुन्हा भडकून तिने शंभराहून अधिक बळी घेतले. तेथील वीज कंपनीने जुलै 2024 पासून प्रतिबंधक वीजबंदी सुरू केली. कॅलिफोर्नियात 2021 पासून 10,000 मैल तारा जमिनीखाली नेण्याचे काम हाती घेतले गेले आहे, आणि तारेला काही स्पर्श होताच सेकंदाच्या दशांशात प्रवाह तोडणारी योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. या दुसऱ्या उपायाने आगी लागण्याचे प्रमाण घटते, पण तो कोणतीही पूर्वसूचना न देता वीज घालवतो, आणि श्वसनयंत्राशेजारी भारलेली बॅटरी बारमाही ठेवण्याचा खर्च त्या घरावर येऊन पडतो.