तटबंदी आणि तिची निगा

चाकणच्या संग्रामदुर्गास 1660 मध्ये शाइस्तेखानाने वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याने हा भुईकोट सुमारे दोन महिने झुंजविला. परंतु मोगलांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडविला, तेव्हा त्यास किल्ला सोडावा लागला. तट भक्कम होता. घात जमिनीखालून झाला.

याच पट्ट्यात, निगडी येथे, फेब्रुवारी 2021 मध्ये निराळ्या जातीचा हल्ला झाला. पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या 27 सर्व्हरांतील माहिती अज्ञात हल्लेखोरांनी कूटबद्ध करून टाकली व ती सोडविण्यासाठी बिटकॉइनच्या रूपाने खंडणी मागितली. पोलिसांकडील तक्रारीत हानीचा अंदाज 5 कोटी रुपये देण्यात आला.

दगडी तटाहून संगणकाचा तट अधिक नाजूक असतो. त्याच्या प्रणालीतील उणिवा कालांतराने उघडकीस येतात आणि वेळीच बुजविल्या नाहीत तर त्यांचेच भुयार होते. म्हणून आपले संकेतस्थळ आपणच चालविणाऱ्या संस्थेने प्रणाली नित्य अद्ययावत ठेवावी, प्रवेशाधिकार मोजक्यांनाच द्यावेत आणि माहितीची एक प्रत मूळ यंत्रापासून अलग राखावी. अशी प्रत हाताशी असल्यास हल्ला टळेलच असे नाही. मात्र खंडणी देण्याची लाचारी पत्करावी लागत नाही.